कालप्रवासाचा थरारपट: नियमाच्या कागदापासून शेवटच्या कटपर्यंत

कालप्रवासाच्या पटकथा बहुधा यंत्रापाशी सुरू होतात आणि तिथेच अडकतात. यंत्र कसं दिसेल, त्यातून धूर निघेल की निळा उजेड, यावर आठवडे जातात. मागे गेलेल्या माणसाला नेमकं काय बदलता येतं, हा प्रश्न मात्र ‘पुढे बघू’ म्हणून राहतो आणि मध्यंतरानंतर उरावर बसतो. क्रम उलटा ठेवा. यंत्र म्हणून एक दार पुरतं. १९६२ सालचा ‘ला जेते’ हा २८ मिनिटांचा फ्रेंच चित्रपट जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांवर उभा आहे आणि त्यातला कालप्रवास कुठेही खोटा वाटत नाही.

नियमाचा कागद

पहिलं पान लिहिण्याआधी एका कोऱ्या कागदावर पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. किती मागे जाता येतं? पुढे परत येता येतं का? मागे गेल्यावर ‘आधीचा मी’ तिथे असतो का? सोबत काय नेता येतं? आणि घडून गेलेलं बदलतं का? पहिल्या चार प्रश्नांना एकेक ओळ पुरे. त्यात जितकी कंजुषी कराल तितकं बरं: ‘कितीही मागे’ यापेक्षा ‘बरोबर ४० मिनिटं मागे’ या नियमातून जास्त ताण निघतो.

पाचव्या प्रश्नावर चित्रपटाची जातकुळीच ठरते. मार्ग तीन आहेत.

अचल काळात घडलेलं बदलत नाही. प्रवासी मागे जाऊन जे करतो, ते मूळ घटनेत आधीपासून धरलेलंच असतं. इगोर नोविकोव्ह या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जाणारं स्वसुसंगतीचं तत्त्व हेच सांगतं. बदलत्या काळात घटना पुसून नव्याने लिहिता येते. इथे आजोबांचा जुना पेच समोर येतो: नातवाने आजोबांना मारलं तर नातू आला कुठून? तिसरा मार्ग फाट्यांचा, म्हणजे प्रत्येक बदलाबरोबर एक वेगळं जग फुटतं. १९५७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी पुंजभौतिकीसाठी (क्वांटम फिजिक्ससाठी) मांडलेल्या कल्पनेचा आधार त्यासाठी घेतला जातो.

थरारपटाला फाटे सहसा मारक ठरतात. एका जगात माणूस वाचला, तरी दुसऱ्या जगात तो मेलेलाच आहे. मग प्रेक्षकाने जीव कुणासाठी टांगणीला लावायचा? बदलता काळ भावनिक गोष्टीला चांगला, पण प्रत्येक बदलानंतर जुनी आठवण कुणाला राहते आणि कुणाला नाही, याचा वेगळा कायदा लिहावा लागतो. ‘करायला गेलो एक आणि झालं भलतंच’ हा गाभा असेल तर अचल काळासारखा घट्ट साचा दुसरा नाही, कारण त्यात उपाय हाच रोग असतो.

एक सूचना. गणितज्ञ कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांचं असं एक उत्तर काढून दाखवलं होतं, ज्यात एखादी वाट फिरून स्वतःच्याच भूतकाळाला मिळते. ही माहिती लेखकाने जरूर वाचावी. पात्राच्या तोंडी घालू नये. पांढरा कोट घालून फळ्यावर वर्तुळं काढणारा माणूस दिसला की प्रेक्षक गोष्ट सोडून भौतिकशास्त्रातल्या चुका शोधायला लागतो.

नमुन्याची गोष्ट

पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीवर पडताळून बघू. रेवा ही रात्रपाळीची नर्स. तळघरात एक्स-रेची बंद पडलेली खोली आहे. आत शिरून दार लावलं की माणूस ४० मिनिटं आधीच्या त्याच खोलीत असतो. पुढे यायची सोय नाही, तो वेळ पुन्हा जगावाच लागतो. काळ अचल.

१:५७ ला मजल्यावरची वीज जाते. १:५८ ला रेवा औषधांच्या खोलीत अंधारात चाचपडत एक कुपी उचलते, इमर्जन्सी दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात सिरिंज भरते. २:०० वाजता इंजेक्शन, २:२० ला रुग्णाचा मृत्यू. शेजारच्या खणातलं औषध दिलं गेलं, असं तिला वाटतं. २:३० ला ती रडायला म्हणून त्या बंद खोलीत शिरते आणि बाहेर येते तेव्हा १:५० झालेले असतात.

आता ती वीज जाऊच नये म्हणून स्विचबोर्डाशी पहारा द्यायला जाते. तिथे एक बटण खाली पडलेलं दिसतं. कुणीतरी मुद्दाम पाडलं असणार, असं समजून ती ते वर करते. ते असतं एक्स-रे खोलीचं, वायरिंग खराब झाल्यामुळे बंद ठेवलेलं. करंट गळतो आणि मजल्याचा मेन ट्रिप होतो. वीज तिनेच घालवली. मग २:२४ ला ती पुन्हा खोलीत शिरते, १:४४ ला बाहेर पडते आणि या वेळी थेट औषधांच्या खोलीत जाऊन दोन खणांतल्या कुप्यांची अदलाबदल करते. अंधारात हात चुकीच्या खणात जाणार असेल, तर तिथे बरोबर औषध असलेलं बरं. पण पहिल्या वेळी तिचा हात चुकलाच नव्हता. सवयीने बरोबर खणातच गेला होता.

दोन्ही चुका मिळून माणूस मरतो. वीज असती तर लेबल वाचलं गेलं असतं. अदलाबदल नसती तर अंधारातही योग्य कुपी हाती आली असती. आणि दोन्ही चुका शहाण्या माणसाने अपुऱ्या माहितीवर घेतलेले रास्त निर्णय आहेत. अनपेक्षित परिणाम असा बांधायचा. पात्राला मूर्ख ठरवून मिळवलेला परिणाम प्रेक्षक माफ करत नाही.

दोन घड्याळं, तीन रेवा

कथा सुचल्याबरोबर संवाद लिहायला बसू नका. मोठा कागद घ्या. डावीकडे उभं भिंतीवरचं घड्याळ, म्हणजे जगाची वेळ. वरच्या बाजूला आडवे रकाने: रेवा-१, रेवा-२, रेवा-३. मग एकेक मिनिट भरत जा.

१:४४ – रेवा-३ तळघरातून बाहेर.
१:४८ – रेवा-३ कुप्या बदलते, रेवा-१ साठी चिठ्ठी ठेवते.
१:५० – रेवा-२ तळघरातून बाहेर.
१:५५ – रेवा-२ स्विचबोर्डाशी. रेवा-३ तिला अडवायला जिन्यात.
१:५७ – मेन ट्रिप. रेवा-३ चार पायऱ्या मागे.
१:५८ – रेवा-१ अंधारात कुपी उचलते.
२:०३ – वीज परत.
२:२४ – रेवा-२ खोलीत शिरते.
२:३० – रेवा-१ खोलीत शिरते. उरते फक्त रेवा-३.

आता मनगटावरचं घड्याळ. प्रत्येक फेरीत ४० मिनिटांची भर पडते. म्हणजे १:५७ ला रेवा-१ च्या मनगटावर १:५७, रेवा-२ च्या मनगटावर २:३७ आणि रेवा-३ च्या मनगटावर ३:१७. शेवटी भिंतीवर २:३० वाजतील तेव्हा तिच्या हातावर ३:५० असायला हवेत. हा हिशेब प्रत्येक सीनच्या डोक्यावर लिहा. तो नुसता आर्ट डिपार्टमेंटच्या सोयीचा नाही. ती किती दमली आहे, किती वेळ पाणी प्यायलेली नाही, कुठल्या भीतीची धार बोथट झाली आहे, हे सगळं नटीला मनगटावरच्या वेळेवरून कळतं.

याच तक्त्याच्या शेजारी दुसरा हवा: कुणाला कधी काय माहीत आहे. भोकं तिथेच सापडतात. उदाहरणार्थ, २:२० ते २:२४ या चार मिनिटांत रेवा-२ ने औषधांच्या खणांकडे नुसतं बघितलं, तर अदलाबदल तिच्या लक्षात येईल आणि तिसऱ्या रेवाचा सगळा डोलारा कोसळेल. म्हणून त्या वेळी ती खोली डॉक्टर आणि इतर नर्सनी भरलेली असली पाहिजे, आणि ही गर्दी पहिल्याच फेरीत दिसली पाहिजे. असं एक वाक्य दुसऱ्या तक्त्यावाचून सहसा सुचत नाही.

चिठ्ठीबद्दल सावध राहा. रेवा-३ ने लिहिलेला मजकूर रेवा-१ ने वाचला, लक्षात ठेवला आणि पुढे तोच उतरवला, तर तो मजकूर मुळात रचला कुणी? बिनलेखकाची ही वस्तू मुद्दाम हवी असेल तर ठेवा, चुकून येऊ देऊ नका. आपल्या गोष्टीत चिठ्ठी वाचलीच जात नाही. ती खाली पडते आणि बुटाला चिकटते.

‘फुलपाखरू’ म्हणजे वाटेल ते नव्हे

‘बटरफ्लाय इफेक्ट’, म्हणजे छोट्याशा फरकातून पुढे मोठा बदल: या प्रकारच्या लेखनात सर्वांत जास्त गैरवापर झालेली कल्पना हीच. पाय किड्यावर पडला आणि परतल्यावर राज्य बदललं! मधलं काहीच दाखवायचं नाही. मूळ गोष्ट वेगळी आहे. १९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ संगणकावर हवामानाचं गणित चालवत होते. एक भाग पुन्हा चालवण्यासाठी त्यांनी आधीच्या छापील कागदावरचा आकडा भरला: ०.५०६. संगणकाच्या आत तो होता ०.५०६१२७. दोन्ही आलेख सुरुवातीला एकमेकांवर बसले, मग किंचित हलले, मग फरक वाढत गेला आणि अखेरीस दोघांत काही साम्य उरलं नाही.

पटकथेला उपयोगी पडतो तो हा मधला भाग, ‘किंचित हलले’ वाला. फरक दर टप्प्याला वाढतो आणि प्रत्येक टप्पा आधीच्यातून निघतो. म्हणून परिणामांची साखळी लिहिताना दोन कड्यांमध्ये ‘आणि मग’ येत असेल तर ती कडी काढून टाका. ‘म्हणून’ किंवा ‘पण त्यामुळे’ आलं पाहिजे. बटण वर केलं, म्हणून वीज गेली. वीज गेली, म्हणून लेबल वाचलं नाही. कड्या तीन ते पाच. सात झाल्या की प्रेक्षक मोजणं सोडतो आणि नुसता वाहत जातो, आणि थरारपटात ते नुकसानच.

सोपे उपाय आधीच बंद करा

पटकथा वाचायला दिलीत की पहिला प्रश्न येणार: ती सरळ फोन का करत नाही? असे सगळे प्रश्न स्वतःच लिहून काढा आणि प्रत्येकाला भिंत घाला. मात्र भिंत गरज पडण्याच्या निदान दहा पानं आधी दिसलेली असावी, नाहीतर ती पळवाट वाटते.

रेवा-३ वॉर्डात जाऊन स्वतःलाच का सांगत नाही? दाराला कार्ड आहे आणि एकदा आत गेलेलं कार्ड बाहेर पडल्याची नोंद झाल्याशिवाय पुन्हा आत घेत नाही. कार्डाच्या यंत्रणांत ही सोय खरोखर असते. रेवा-१ आत आहे, त्यामुळे तेच कार्ड रेवा-३ ला नाकारणार. सुरुवातीला एखादा सहकारी कार्ड न लावता दुसऱ्याच्या मागोमाग आत घुसतो आणि मग बाहेर पडताना अडकतो, असा अर्ध्या मिनिटाचा हलका प्रसंग टाकला की काम झालं. रुग्णालयात जनरेटर असतो ना? असतो, पण तो बाहेरून येणारी वीज गेली की सुरू होतो. इथे बाहेरची वीज चालूच आहे, फक्त मजल्याचा मेन पडला आहे. त्यामुळे जनरेटरला काही कळत नाही. मोबाइलचा उजेड? वॉर्डात मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचा नियम.

एखादं भोक कशानेही बुजत नसेल तर ते पात्राच्या तोंडून कबूल करून टाकणं हा शेवटचा इलाज. तो एकदाच वापरता येतो.

पानांचा हिशेब

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा पटकथेचा नेहमीचा ठोकताळा धरून १०० पानांची पटकथा समजू. नियम २५ व्या पानाच्या आत कळलाच पाहिजे, तोही बोलून नव्हे: भिंतीवर १:५०, मनगटावर २:३०, रेवाचा चेहरा. पहिल्या फेरीत न उलगडलेल्या तीन खुणा पेरा. बुटाला चिकटलेला कागद, जिन्यात धावण्याचा आवाज, बटणावरची सुकून सुटलेली चिकटपट्टी. खुणेची कसोटी अशी की पहिल्यांदा बघताना तिचं दुसरं, साधं कारण सुचायला हवं. रुग्णालयात जिन्यात कुणी धावलं तर त्यात नवल काय? कॅमेरा खुणेवर रेंगाळला की ती खूण राहत नाही, पाटी होते.

तोच प्रसंग पुन्हा दाखवताना लांबी झपाट्याने उतरवा. वीज जाण्याचा प्रसंग पहिल्यांदा तीन मिनिटं, दुसऱ्यांदा दीड, तिसऱ्यांदा अर्धा मिनिट. दर वेळी जागा नवी आणि माहिती नवी. एकच शॉट तिन्ही वेळा जसाच्या तसा ठेवा, म्हणजे प्रेक्षकाला आपण कुठे आहोत ते कळेल. आपल्याकडे तो म्हणजे भिंतीवरचं घड्याळ आणि त्याच्यावरून जाणारा उजेड.

शूटिंग

तिन्ही फेऱ्यांत दिसणारी जागा एकाच वेळापत्रकात संपवा. ‘दुसऱ्या फेरीचं पुढच्या आठवड्यात’ म्हटलं की खुर्ची सरकते, पडदा बदलतो, भिंतीला कुणीतरी रंगाचा हात देतो. सीनच्या क्रमांकात रेवा आणि वेळ दोन्ही घाला: ४२ / रे-२ / १:५७. क्लॅपच्या पाटीवर हे नसेल तर एडिटिंग टेबलावर एकाच पोशाखातल्या तीन रेवा वेगळ्या करताना हाल होतात.

एकाच फ्रेममध्ये दोन रेवा हव्या असतील तर सर्वांत भरवशाची पद्धत जुनीच: कॅमेरा जागचा हलू न देता दोन टेक घ्यायचे आणि मधून जोडायचे. ट्रायपॉडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा, जमिनीवर टेपने खुणा करा आणि नंतर कॅमेऱ्याला हात लावायचा तो फक्त रेकॉर्डिंगच्या बटणापुरता. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, आयएसओ सगळं मॅन्युअल. ऑटोवर एकही गोष्ट राहिली की दोन अर्ध्यांचा रंग जुळत नाही. ५० हर्ट्झच्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २४ फ्रेमला शूट करताना शटर १/५० ठेवा, नाहीतर एका अर्ध्यात उजेड थरथरेल. कुणी नसलेल्या रिकाम्या फ्रेमचे २० ते ३० सेकंद रेकॉर्ड करून ठेवा. एडिटरला त्याची गरज हटकून पडते.

जोडाची रेषा दाराची चौकट, खांब, कपाटाची कड अशा उभ्या वस्तूवर टाका. नटी रेषा ओलांडत नाही याकडे सगळे बघतात; तिची सावली मात्र ओलांडून जाते आणि ते कुणाला दिसत नाही. दिवे असे लावा की दोघींच्या सावल्या मागे पडतील. नजरेचंही तसंच. समोर उभी केलेली सहायक उंचीला वेगळी असेल तर रेवा रेवाच्या कपाळाशी बोलताना दिसेल. स्टँडवर नटीच्याच डोळ्यांच्या उंचीला टेपचा तुकडा लावा आणि तिला त्याच्याकडे बघायला सांगा. पहिल्या टेकचे संवाद दुसऱ्या टेकला कानातल्या छोट्या इअरपीसमध्ये वाजवले की उत्तरांची लय जुळते. जिथे हे जमणार नाही, तिथे पाठमोरी डुप्लिकेट घ्या. ती निवडताना चेहरा सोडा. कान, मान आणि खांद्यांचा उतार बघा.

रेवा ओळखू याव्यात म्हणून कपड्यांचे रंग बदलायची सोय नाही, गणवेश एकच. मग एक्स-रे खोलीची धूळ वापरा: रेवा-१ स्वच्छ, रेवा-२ च्या उजव्या बाहीवर धुळीचा पट्टा, रेवा-३ च्या दोन्ही बाह्यांवर आणि केसांची क्लिप गायब. प्रत्येक अवस्थेचे निदान दोन जोड तयार ठेवा. मनगटी घड्याळं एकसारखी तीन घ्या, वेळ लावून चावी बाहेर ओढून ठेवा म्हणजे काटे जागचे हलणार नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी काढा, सेकंदकाटाही काढा. दर शॉटआधी काटे हाताने फिरवण्याचं काम एकाच सहायकाकडे द्या. दोघांकडे दिलं की कुणीच करत नाही.

आवाज आणि एडिटिंग

मेन पडल्याचा आवाज या चित्रपटाचा खिळा आहे. स्विचबोर्डाशी तो कोरडा, जवळचा ‘खट्’. जिन्यात तोच भिंतीआडून, दबलेला. औषधांच्या खोलीत मात्र तो ऐकूच येत नाही, तिथे फक्त फ्रिजची घरघर थांबते. पहिल्या फेरीत प्रेक्षकाला ही शांतताच मिळते, कारण स्विचबोर्डाशी आणि जिन्यात त्याला नंतर जायचं आहे. त्यासाठी फ्रिज चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींत खोलीचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा. संवादांच्या वेळी फ्रिज बंदच ठेवा, घरघर नंतर भरता येते. (फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून साउंडवाले गाडीच्या किल्ल्या त्यात ठेवून देतात. खात्रीचा उपाय आहे.)

पहिला पूर्ण कट गोष्ट माहीत नसलेल्या पाच-सहा जणांना दाखवा. आवडला का, हे विचारू नका. कागद द्या आणि १:४४ पासून २:३० पर्यंत काय घडलं ते क्रमाने लिहायला सांगा. एकाचं चुकलं तर सोडून द्या. तिघांचं एकाच जागी चुकलं तर तिथला शॉट दुरुस्त करा. संवाद घालून समजावण्याचा मोह इथेच होतो: ‘म्हणजे तेव्हा तूच...’ छापाचं वाक्य डबिंगमध्ये घुसवलं जातं आणि तेवढा प्रसंग ढेपाळतो. त्याऐवजी बहुधा धुळीच्या बाहीचा किंवा घड्याळाचा क्लोजअप अर्धा सेकंद वाढवला तरी भागतं. असे क्लोजअप शूटिंगच्या वेळी ‘लागणार नाहीत’ म्हणून टाळले जातात. टाळू नका, रोज शेवटची २० मिनिटं त्यांच्यासाठी राखून ठेवा.

शेवटच्या शॉटचंही तेच. रेवा-१ तळघरात शिरली, दार लागलं. बाहेरच्या भिंतीवर २:३०. आता एकटी उरलेली रेवा मनगटावरचं घड्याळ बघते. तिने ते मागे फिरवून जगाशी जुळवून घ्यावं, की तसंच राहू द्यावं? हे शूटिंगच्या दिवशी ठरलं नाही तरी बिघडत नाही, दोन्ही टेक घेऊन ठेवा. फक्त दोन्हींत घड्याळ सुरुवातीला ३:५० वर आहे ना, ते कॅमेरा चालू करण्याआधी एकदा बघा.